किंग सॉलोमन्स माइन्स घेताय? मग अख्खं घ्या

आधीच सांगते, पुस्तक घ्या. फक्त ते पातळ, चित्रांवालं, वर "मुलांसाठी संक्षिप्त" असं छापलेलं उचलू नका, वीस प्रकरणांचं अख्खं इंग्रजी घ्या. दोन्ही शेजारी शेजारी ठेवून वाचलीत म्हणून सांगतेय, आणि दोन्हीत इतका फरक आहे की जवळजवळ दोन वेगळी पुस्तकं वाटतात.

संक्षिप्त आमच्या घरातच होतं, बाबांच्या शाळेच्या वेळचं, कव्हर गेलेलं, शिवण सुटलेली. कोणी काढलेलं ते सांगण्यात अर्थ नाही, तशी पुस्तकं तेव्हा ढिगाने निघायची. अख्खं मला ठाणे स्टेशनबाहेर फुटपाथवर मिळालं, दीडशे सांगत होता शंभरला दिलं, पानं पिवळी पण सगळी जागेवर, सुरुवातीला नकाशासुद्धा आहे. ऑफिस ऐरोली पट्ट्यात, त्यामुळे वाचन बहुतेक ट्रान्सहार्बरच्या गाडीत, ठाण्यालाच सुटते म्हणून बसायला मिळतं. अशा वाचनासाठी पुस्तक एकदम फिट आहे, प्रकरणं छोटी आणि प्रत्येकाच्या शेवटी काहीतरी अडकवून ठेवलेलं, एक दिवस त्या नादात उतरायचं स्टेशन गेलंच असतं.

गोष्ट माहीत नसेल त्यांच्यासाठी पटकन. अॅलन क्वाटरमेन हा हत्तींचा शिकारी, वय पंचावन्न, दक्षिण आफ्रिकेत दर्बनला राहतो. त्याला सर हेन्री कर्टिस आणि नौदलातून निवृत्त झालेला कॅप्टन गुड भेटतात, कर्टिसचा भाऊ सॉलोमन राजाच्या हिऱ्याच्या खाणी शोधायला म्हणून गेला तो परतलाच नाही, त्याला शोधायचंय. क्वाटरमेनकडे नकाशा असतो, १५९० मध्ये एका पोर्तुगीज माणसाने मरता मरता स्वतःच्या रक्ताने फडक्यावर काढलेला. मग वाळवंट, मग बर्फाचे डोंगर, पलीकडे कुकुआनालँड नावाचं राज्य, तिथला एका डोळ्याचा क्रूर राजा ट्वाला, त्याची सल्लागार गागूल म्हणून एक सुरकुतलेली म्हातारी जिचं वय कोणालाच माहीत नाही, मोठी लढाई, गुहा, हिरे.

हे लिहिलं हेन्री रायडर हॅगार्डने, १८८५ मध्ये आलं. दोन वर्षं आधी ट्रेझर आयलंड पुस्तक म्हणून आलेलं आणि गाजत होतं, त्याच्या निम्म्याइतकं तरी चांगलं तू लिहून दाखव अशी भावाशी पैज लागली म्हणून ह्याने काही आठवड्यांत लिहून टाकलं. पण घरात बसून नकाशा बघून लिहिलेलं नाहीये हे. हा माणूस एकोणिसाव्या वर्षी दक्षिण आफ्रिकेतल्या नाताळ ह्या ब्रिटिश वसाहतीत सरकारी नोकरीत गेला होता, १८७७ मध्ये शेजारचं ट्रान्सवाल राज्य ब्रिटिशांनी खालसा केलं तेव्हा तिथल्या प्रिटोरियात झेंडा चढवणाऱ्यांत हा स्वतः होता. म्हणजे साम्राज्य ह्याने लांबून बघितलेलं नाही, दोरीला हात लावलेला आहे, आणि हे पुस्तकात प्रत्येक पानावर कळतं, चांगल्या अर्थाने पण आणि वाईट अर्थाने पण.

चांगल्या अर्थाने म्हणजे, वाळवंट. तहानेचं प्रकरण मी उन्हाळ्यात वाचलं आणि खरंच घसा कोरडा पडला. पाणी संपलंय, जिभा सुजल्यात, आणि त्यांच्याबरोबरचा वेंटफोगेल हा तिथल्या खोईखोई जमातीचा वाटाड्या पहाटे नाक वर करून हवा हुंगतो आणि म्हणतो मला पाण्याचा वास येतोय. कोणाचा विश्वास बसत नाही, शेवटी पाणी सापडतं टेकडीच्या माथ्यावर, जिथे कोणी बघितलंच नसतं. पुढे बर्फात एका गुहेत रात्र काढतात आणि हाच वेंटफोगेल थंडीने बसल्या जागी मरतो, आणि उजाडल्यावर दिसतं की त्या गुहेत आणखी एक जण बसलेला आहे, तो नकाशा काढणारा पोर्तुगीज, तीनशे वर्षं तसाच गोठलेला, रक्तात बुडवून लिहायची हाडाची लेखणी शेजारी पडलेली. दोघांना तिथेच सोडून हे पुढे जातात, एक जुना गोरा आणि एक गरीब वाटाड्या, बर्फात एकमेकांच्या सोबतीला. असं काही लिहायला हात लागतो, नुसती पैज लावून येत नाही. संक्षिप्तमध्ये वेंटफोगेल एका वाक्यात मेला आणि पाण्याचा वास त्याने घेतलाच नाही, पाणी आपोआप सापडलं. तिथेच मला शंका यायला लागली की कापणाऱ्याने नेमकं काय काय कापलंय.

तर कापलंय ते असं. पहिल्याच प्रकरणात क्वाटरमेन विचार करत असतो की जेंटलमन म्हणायचं कोणाला, आणि लिहिता लिहिता आफ्रिकन लोकांसाठीची ती शिवी त्याच्या हातून कागदावर येते, आणि तो थांबतो आणि म्हणतो नाही, हा शब्द मी खोडतो, मला तो आवडत नाही. वर म्हणतो मी असे आफ्रिकन पाहिलेत जे जेंटलमन आहेत आणि पैशात लोळणारे असे गोरे पाहिलेत जे नाहीत. १८८५ मध्ये, साम्राज्याच्या ऐन भरात, पोरांसाठीच्या पुस्तकात हे. पुढे तो स्वतः हे नेहमी पाळत नाही, बऱ्याचदा तो नेटिव्ह-नेटिव्ह करत हुकूमच सोडत असतो, पण म्हणूनच ते खोडणं वाचायला हवं, कारण त्याच्या मनात कुठेतरी टोचतंय हे त्यावरून कळतं. संक्षिप्तमध्ये तो आख्खा परिच्छेद नाही.

दुसरं, उम्बोपा. हा पगार नको म्हणत ह्यांच्याबरोबर नोकर म्हणून येतो, उंच, शांत, आणि पहिल्या दिवसापासून सर हेन्रीशी बरोबरीने बोलतो. तू आणि मी दोघेही मर्द आहोत असं तोंडावर सांगतो. क्वाटरमेनला ते झोंबतं, तो त्याला दटावतो, तर हा हसतो आणि विचारतो की ज्याची मी चाकरी करतोय त्याच्या बरोबरीचा मी नसेन कशावरून. हा प्रसंग मला प्रचंड आवडला. आणि निघतोही तो राजाच, इग्नोसी, कुकुआनालँडचा खरा वारस, लहानपणी आईबरोबर पळून गेलेला. आता नीट बघितलं तर सगळ्या प्रवासात घरी निघालेला तो एकटाच आहे. बाकीचे भावाला शोधायला, हिरे शोधायला निघालेत, ह्याला त्याचं राज्य परत घ्यायचंय. म्हणजे हिरो तोच आहे हो, फक्त गोष्ट सांगणारा दुसऱ्या माणसाच्या शेजारी बसलाय म्हणून आपल्याला लक्षात यायला वेळ लागतो. संक्षिप्तमध्ये ती बोलाचाली गेली, त्यामुळे उम्बोपा आधी मुकाट ओझं वाहणारा नोकर आणि मग साहेबांच्या कृपेने राजा.

हत्तींचं प्रकरण. चौथं आहे, आणि आज ते वाचणं खरंच जड जातं. जंगलात एकामागून एक हत्ती पाडतात, मग सुळे कापून काढायला दोन दिवस जातात, आणि हे सगळं मौज म्हणून सांगितलंय. त्यातच कॅप्टन गुड पाय घसरून पडतो, जखमी हत्ती त्याच्यावर येतो, आणि खिवा नावाचा झुलू पोरगा मध्ये येऊन भाला फेकतो. हत्ती त्या पोराचे दोन तुकडे करतो. गुड वाचतो. उम्बोपा येऊन एवढंच म्हणतो की मेला पण मर्दासारखा मेला. पुढे वेंटफोगेल जातो, आणखी पुढे फुलाता ही कुकुआना मुलगी जाते, आणि तिघेही साहेब मात्र सुखरूप परत येतात. हे मी मुद्दाम शोधत नव्हते, पण एकदा दिसलं की सारखं दिसत राहतं, प्रत्येक वेळी साहेबांच्या वाटेतलं मरण दुसऱ्या कोणाच्या तरी वाट्याला येतं.

फुलाताबद्दल मला राग आहे आणि तो मी लपवणार नाही. गोष्टीत बाईच नाहीये असं क्वाटरमेन सुरुवातीलाच अभिमानाने सांगून टाकतो, फुलाता आणि गागूल सोडून, आणि त्यातली गागूल तर तो मोजतच नाही. फुलाताला बळी देणार असतात, हे तिला वाचवतात, मग गुड जखमी होतो तेव्हा ती दिवसरात्र त्याच्या उशाशी बसते, जीव लावते, शेवटी गुहेत गागूलशी झटापट करताना सुरा लागून मरते. मरताना तिच्या तोंडी काय घातलंय तर मी मरतेय ते बरं झालं, सूर्य आणि अंधार एकत्र नांदतात का, गोरा आणि काळी एकत्र नांदतात का. हे तिच्या तोंडी! आणि नंतर क्वाटरमेन शांतपणे लिहितो की गेली ते एका परीने बरंच झालं, नाहीतर गुंतागुंत झाली असती, ती स्वतःच तसं म्हणाली होती ना. ज्या माणसाने पहिल्या प्रकरणात शब्द खोडला तोच हा. मी ते पान दोनदा वाचलं आणि पुस्तक बंद करून खिडकीबाहेर बघत बसले. पण तरी हे कापू नये असंच माझं म्हणणं आहे. संक्षिप्तमध्ये फुलाता नुसती "शूरपणे मरते", आणि लहान वाचणाऱ्याला वाटतं किती छान, किती त्यागी मुलगी. ते जास्त वाईट आहे.

ग्रहणाचा भाग मात्र आपल्याकडच्या कोणालाही पचणार नाही. हे तिघं आम्ही ताऱ्यांवरून आलो असं सांगतात, पुरावा म्हणून गुडकडच्या पंचांगासारख्या पुस्तकात बघून ग्रहण लावून दाखवतात, आणि हजारोंचा समाज घाबरून गुडघे टेकतो. मजा म्हणजे पहिल्या आवृत्तीत सूर्यग्रहण होतं, ते खगोलाच्या हिशोबात कुठेच बसेना, आदल्या रात्री पौर्णिमा आणि दुसऱ्या दिवशी सूर्यग्रहण, म्हणून नंतर हॅगार्डने ते चंद्रग्रहण केलं. म्हणजे ज्ञानाचा रुबाब दाखवणाऱ्याचाच हिशोब चुकलेला. आमच्याकडे आजीच्या कपाटात दाते पंचांग असायचं, वेध कधी लागणार, स्पर्श कधी, मोक्ष कधी, सगळं मिनिटासकट, शाळेत न गेलेल्या बायका त्यावर स्वयंपाकाच्या वेळा ठरवायच्या. आकाशाखाली पिढ्यान् पिढ्या राहिलेल्या माणसांना आकाशातलं काहीच कळत नसेल असं धरून चालणं, हे ह्या प्रकारच्या सगळ्याच कादंबऱ्यांचं मोठं दुखणं आहे.

त्याच्या बरोबर उलट लढाईचं प्रकरण. तिथे हॅगार्डला खोटं लिहायची गरजच पडली नाही. कुकुआनांच्या पलटणी, त्यांची शिस्त, दोन बाजूंनी शिंगांसारखं वेढत जाणं, हे सगळं झुलूंकडून घेतलेलं, आणि झुलूंनी २२ जानेवारी १८७९ ला इसान्डलवानाला ब्रिटिश फौजेची तेराशेच्या वर माणसं मारली होती, बंदुका असताना. लिहिणाऱ्याच्या मनात ती धास्ती आणि तो आदर दोन्ही आहे. करड्या पिसांची एक पलटण खिंड धरून ठेवते, आपण संपणार हे माहीत असून, ती पानं वाचताना मला बाजीप्रभू आठवले नसते तरच नवल. इथे क्वाटरमेन स्वतः कबूल करतो की मला भीती वाटत होती, मी मुळात भित्रा माणूस आहे. छान लिहिलंय, खरंच.

आता खाणींबद्दल, कारण पुस्तकाचं नावच ते. पुस्तकात पक्का रस्ता, पुतळे, खाणी, सगळं कोणीतरी प्राचीन परक्या लोकांनी बांधलं, कुकुआनांनी नाही, असं आहे. हे हॅगार्डच्या डोक्यातून आलेलं नव्हतं. १८७१ मध्ये कार्ल माउख नावाचा जर्मन ग्रेट झिम्बाब्वेच्या दगडी अवशेषांपाशी पोचला आणि शेबाच्या राणीशी नातं जोडून मोकळा झाला. आफ्रिकन लोक असं बांधू शकतात हे मान्यच नव्हतं. पुढे १९०५ मध्ये रँडल-मॅकआयव्हर आणि १९२९ मध्ये गर्ट्रूड केटन-थॉम्पसन ह्या पुरातत्त्वज्ञांनी उत्खनन करून सांगितलं की हे इथल्याच लोकांचं काम आहे, तरी ऱ्होडेशियाच्या, म्हणजे तेव्हाच्या झिम्बाब्वेच्या, गोऱ्या सरकारला ते रुचत नव्हतंच. १९८० ला देश स्वतंत्र झाला तेव्हा त्यांनी त्या अवशेषांचंच नाव देशाला दिलं. हे वाचताना मला आपलं अंबरनाथचं शिवमंदिर आठवत होतं. शिलाहारांनी १०६० मध्ये बांधलेलं, शिलालेख आहे, आणि शिलाहारांची राजधानी म्हणजे आपलं ठाणंच, तरी लहानपणापासून ऐकलंय काय तर पांडवांनी एका रात्रीत बांधलं. पण पांडवांना श्रेय दिलं म्हणून अंबरनाथच्या कोणाची जमीन गेली नाही. झिम्बाब्वेत मात्र "हे मुळात तुमचं नव्हतंच" हे सिद्ध करण्यात जमीन घेणाऱ्यांचा थेट फायदा होता, आणि अशा कादंबऱ्यांनी ते लाखो घरांत गोष्ट म्हणून पोचवलं.

पुस्तक अर्पण केलंय ते वाचणाऱ्या सगळ्या लहानमोठ्या मुलग्यांना. १८८५ मध्ये बारा वर्षांचा असलेला इंग्रज पोरगा १९१० मध्ये सदतीस वर्षांचा, म्हणजे कुठल्यातरी वसाहतीत साहेब व्हायच्या वयाचा. १९१० च्या १९ एप्रिलला नाशिकचा कलेक्टर जॅक्सन ह्याच्या खून खटल्यात आपल्या ठाण्याच्या तुरुंगात अनंत कान्हेरे, कृष्णाजी कर्वे आणि विनायक देशपांडे ह्यांना फाशी दिलं गेलं, कान्हेरे तर अठराएकोणीस वर्षांचे. मी त्या भिंतीजवळून कितीदा जाते. त्यामुळे "पोरांच्या निर्मळ साहसकथा" म्हणून हे पुस्तक हातात घेणं मला जमलं नाही आणि जमावं असंही वाटत नाही.

आणि आता ज्याच्यासाठी मी हे सगळं लिहितेय ते, एकोणिसावं प्रकरण, इग्नोसीचा निरोप. साहेब खिशात मावतील तेवढे हिरे घेऊन निघालेत, इग्नोसी आधी दुखावतो, तुम्हाला माझ्यापेक्षा ते चमकणारे दगड प्यारे का म्हणून विचारतो, आणि मग जे बोलतो ते ऐकण्यासारखं आहे. ह्यापुढे माझ्या देशात बंदुका आणि दारू घेऊन येणारा व्यापारी येणार नाही, प्रार्थना शिकवणारेही नकोत, माझी माणसं भाल्याने लढतील आणि पाणी पितील. एक गोरा आला तर परत पाठवीन, शंभर आले तर मागे रेटीन, फौज आली तर लढेन. फक्त तुम्ही तिघे कधीही या, तुमच्यावर माझं प्रेम आहे. हे भाषण साम्राज्याच्या कादंबरीत आहे आणि त्याला उत्तर द्यायला कोणी तोंड उघडत नाही. पुस्तक आलं त्याच वर्षी फेब्रुवारीत बर्लिनची परिषद संपलेली, युरोपने टेबलावर बसून आफ्रिका वाटून घ्यायचे नियम ठरवलेले. आणि तीनच वर्षांनी, १८८८ मध्ये, आजच्या झिम्बाब्वेतल्या खऱ्याखुऱ्या लोबेंगुला राजाकडून सेसिल ऱ्होड्स ह्या ब्रिटिश खाणमालकाच्या माणसांनी खाणींच्या हक्काचा रड करार करून घेतला, हजार रायफली आणि महिना शंभर पौंड देतो म्हणून, दहापेक्षा जास्त गोरे खणायला येणार नाहीत हे तोंडी सांगितलं आणि कागदावर घातलंच नाही. १८९३ मध्ये त्याच्यावर फौज गेली. इग्नोसी जे टाळू पाहत होता ते जसंच्या तसं घडलं.

हे भाषण मी बाबांना गॅलरीत बसून वाचून दाखवलं, मराठीत सांगत सांगत. बाबा म्हणाले, "आमच्यात हे नव्हतंच गं." त्यांचं पुस्तक काढून बघितलं, "राजाने त्यांना प्रेमाने निरोप दिला", संपलं. साठेक वर्षं बाबांच्या डोक्यात ही गोष्ट म्हणजे हिरे, गुहा आणि चेटकीण, आणि राजा काय म्हणाला होता ते त्यांना कोणी सांगितलंच नाही. मग म्हणाले, "परत वाच, तो दारूचा भाग परत वाच."

भाषा जुनी आहे, कुकुआना लोक बोलतात तिथे जुन्या बायबलसारखं इंग्रजी येतं, पहिली तीन प्रकरणं जरा धीर धरावा लागतो. सिनेमे पाहून पुस्तक वाचल्यासारखं समजू नका, १९३७ च्यात गायक-नट पॉल रोबसन उम्बोपा आहे तेवढ्यासाठी बघा, १९५० आणि १९८५ चे तर मूळ पुस्तकात नसलेली गोरी हिरोइन घालून केलेले आहेत. मुलांना द्यायचं तर तेरा-चौदाच्या पुढे द्या आणि आपणही वाचा, म्हणजे हत्ती आणि फुलाता आले की बोलता येईल. दुकानात घेताना एकोणिसावं प्रकरण उघडून बघा, इग्नोसी बंदुका आणि दारूबद्दल बोलत असेल तर घ्या, नसेल तर परत ठेवून द्या. आणि फोनवर वाचायची सवय असेल तर विकत घ्यायचीही गरज नाही, हॅगार्ड १९२५ मध्ये वारला, हक्क संपलेत, प्रोजेक्ट गुटेनबर्गवर अख्खं फुकट आहे.